विहीर, बोअर आणि माती: प्रदूषण तपासणीचे नमुने कसे घ्यायचे? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम नमुने गोळा करण्याचं. बहुतेक प्रश्न फोनवर येतात, तेही नमुना घेऊन झाल्यावर. माणूस बाटली घेऊन तालुक्याच्या गावी पोचलेला असतो आणि बाटली चुकीची असते. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे पुढे.

१. विहिरीच्या पाण्याचा संशय आहे. आधी नमुना घेऊ की आधी प्रयोगशाळेला फोन करू?

आधी फोन. आणि फोनच्याही आधी कागदावर लिहून काढा की संशय कशाचा आहे. "पाणी तपासून द्या" एवढंच सांगितलंत तर नेहमीची यादी तपासली जाते: पीएच, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू. त्यात डिझेल दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही, शिसंही दिसत नाही. वरच्या अंगाला शोषखड्डा आहे, शेजारी गॅरेज आहे, बागेत फवारणी होते, पऱ्याला (ओढ्याला) रंगीत पाणी येतं, जे असेल ते सांगा. त्यावरून चाचण्या ठरतात आणि चाचण्यांवरून बाटल्या.

जंतू आणि नेहमीच्या रासायनिक तपासणीला जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जड धातू, तेल, कीटकनाशकं यांच्यासाठी बहुधा खासगी प्रयोगशाळा गाठावी लागते. तिथे "एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) आहे का?" एवढं विचारून थांबू नका. तुमच्या चाचणीसाठी आहे का, ते विचारा. ही मान्यता चाचणीगणिक असते.

२. मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालेल का?

क्लोराइड, कठीणपणा, क्षार यांना नाइलाज म्हणून चालेल. त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा खळबळून घ्या आणि मग काठोकाठ भरा. सरबताची, सोड्याची किंवा औषधाची बाटली मात्र कशालाच चालत नाही, कितीही धुतली तरी.

जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच लागते. ती खळबळायची नाही, झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. आणि ही काठोकाठ भरायची नाही. वर दोन बोटं जागा सोडा, तिथे पाणी हलवायला हवा लागते. धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली आणि त्यात थेंबभर नायट्रिक आम्ल (प्रश्न ५ पाहा). तेल, ग्रीस आणि कीटकनाशकांना काच हवी, कारण ही द्रव्यं प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसतात. तेलाची बाटली खळबळायचीही नाही; आधीच्या पाण्यातलं तेल काचेला लागून राहतं आणि आकडा फुगतो. पेट्रोल-डिझेलसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचं प्रश्न ११ मध्ये.

बाटलीवरचं नाव पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई बर्फाच्या पाण्यात पुसते आणि पेटीतून सहा निनावी बाटल्या निघतात. मी दोनदा अनुभवलं आहे.

३. उघड्या विहिरीतून नमुना नेमका कसा घ्यायचा?

रोज उपसा असलेली विहीर असेल तर पाणी ताजंच असतं. पृष्ठभागावरचा पाचोळा, माडाची फुलं, तेलकट तवंग टाळून हातभर खालचं पाणी घ्या. काठ घासून आलेला पोहरा आणि हिरवट दोर दोन्ही नमुना बिघडवतात. स्वच्छ बाटलीला खाली वजन बांधून नव्या दोरीने सोडणं सर्वांत सोपं. ती तळाच्या गाळाला लागली तर पाणी ओता आणि थोडं थांबून पुन्हा घ्या.

सुरुवातीच्या काळात एका वाडीतल्या विहिरीचं पाणी मी रहाटावर टांगलेल्या पोहऱ्यानेच काढलं. अहवालात जस्त इतकं आलं की घरच्या आजींनी ते पाणी तुळशीला घालायचंही सोडलं. पोहरा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा होता आणि रात्रभर त्यात पाणी साचून होतं. पुन्हा बाटली सोडून नमुना घेतला तेव्हा जस्त नावालाही नव्हतं. आजींचा माझ्यावरचा विश्वास मात्र काही परत आला नाही.

विहीर वापरात नसेल तर गोष्ट वेगळी. साचलेलं पाणी आजूबाजूच्या भूजलाबद्दल फारसं सांगत नाही. पंप लावून उपसा करा, नवं पाणी भरू द्या, मग घ्या. नमुन्यासाठी अशा विहिरीत उतरू नका. बंद विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असतो, कधी विषारी वायू असतो, आणि आधी उतरलेल्याला वाचवायला गेलेला दुसराही तिथेच राहतो.

४. बोअर चालू करून किती वेळ पाणी सोडायचं?

ठोकताळा असा: बोअरमध्ये उभं असलेलं पाणी तीनदा बाहेर पडलं पाहिजे. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. बोअर ६० मीटर खोल आणि पाणी १२ मीटरवर, म्हणजे ४८ मीटर उभं पाणी, म्हणजे ८६४ लिटर. तिप्पट केलं की सुमारे २,६०० लिटर. आता पाइपखाली २० लिटरची बादली धरा. ती अर्ध्या मिनिटात भरली तर मिनिटाला ४० लिटर, म्हणजे तासाच्या वर पंप चालवावा लागेल. दिवसभर उपसा चालू असलेल्या बोअरला एवढं करायला नको, दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

आकड्यापेक्षा मी मीटरवर जास्त भिस्त ठेवतो. दर पाच मिनिटांनी पीएच, तापमान आणि विद्युतवाहकता (पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ही जास्त) मोजा. लागोपाठ तीन वेळा पीएच ०.१ च्या आत आणि वाहकता तीन टक्क्यांच्या आत राहिली की पाणी बदललं समजा.

किनाऱ्यालगत मात्र इथेच घोटाळा होतो. जास्त उपसलं तर खालचं खारं पाणी वर खेचलं जातं, वाहकता स्थिर होण्याऐवजी चढतच राहते आणि नमुना पंपाने बनवलेल्या पाण्याचा होतो. अशा ठिकाणी पंप अगदी हळू चालवा, पंप सुरू करतानाची आणि नमुना घेतानाची वाहकता दोन्ही लिहा. आणि कुठलाही बोअर असो, नमुना टाकीच्या आधी घ्या. गच्चीवरच्या टाकीचा नळ टाकीबद्दल सांगतो.

५. बोअरचं पाणी काढताना काचेसारखं, तासाभरात लालसर होतं. नमुना कधीचा द्यायचा?

काढल्या क्षणाचा. जमिनीखाली प्राणवायू नसल्याने लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की ते गंजासारखं तळाशी बसतं आणि बसताना आर्सेनिक, शिसं यांनाही सोबत घेऊन जातं. प्रयोगशाळेत वरचं नितळ पाणी तपासलं की सगळं छान येतं. म्हणून धातूंच्या बाटलीत जागेवरच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात, म्हणजे काही तळाशी बसत नाही. आम्ल घातलेली बाटलीच प्रयोगशाळेकडून मागा. ती खळबळायची नाही आणि भरून ओसंडूही द्यायची नाही.

याची दुसरी बाजू जांभ्याच्या मुलखात फार त्रास देते. विहिरीचं पाणी गढूळ असेल आणि त्यात सरळ आम्ल घातलं, तर तरंगणारी तांबडी माती विरघळते. लोह, अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम सगळं भरमसाट दिसतं आणि घरात घबराट. खरं तर ती पाण्यातली माती तपासली गेली. पाण्यात विरघळलेलं काय हे हवं असेल तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, मग आम्ल. मी दोन्ही बाटल्या देतो, गाळलेली आणि न गाळलेली, आणि कुठली कोणती हे अर्जावर ठळक लिहितो.

६. जलसुरक्षकाने कालच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं. नमुना घेऊ का?

पिण्याला पाणी सुरक्षित झालं का एवढंच पाहायचं तर घ्या. क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहू नये म्हणून प्रयोगशाळेला सांगून सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली घ्या. मूळ विहिरीत घाण शिरते का हा प्रश्न असेल तर थांबा. ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन उरलं का ते दाखवणारी थेंबांची चाचणी) पिवळा रंग येईनासा झाला की घ्या.

७. प्रयोगशाळा दूर आहे. नमुना किती तास टिकतो?

जंतूंचा नमुना सहा-आठ तासांत पोचावा, फार तर २४ तासांत. नायट्रेटला थंड ठेवून ४८ तास. आम्ल घातलेल्या धातूंच्या बाटलीला मात्र महिनोन्‌महिने काही होत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी जंतूंचा नमुना घेण्यात अर्थ नाही. तो सोमवारपर्यंत पडून राहतो आणि अहवाल पेटीतल्या तीन दिवसांचा येतो. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी घ्या आणि पहिल्या एसटीने निघा.

बर्फ बंदरावरचा चालतो. फक्त प्रत्येक बाटली दोन पिशव्यांत घट्ट बांधा. वितळलेलं पाणी झाकणातून आत गेलं तर तुमच्या विहिरीत मासळी बाजार निघेल. मासळीची जुनी थर्माकोल पेटी मात्र नको. ती कितीही धुवा.

८. पाणी खारट लागतंय. समुद्र आत आला की आणखी काही?

किनाऱ्यावरच्या गावांतून हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि निम्म्या वेळा उत्तर समुद्र नसतं.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. शंभर कळशांमध्ये दोन कळशा समुद्र मिसळला तरी क्लोराइड ३८० होतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात स्वीकार्य मर्यादा २५० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १,०००. म्हणजे थोडासा समुद्रही पुरतो. गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्यावर तरंगतं. जमिनीखालच्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली जवळपास चाळीस मीटर गोडं पाणी टिकतं. हिशेब उलटाही चालतो: उपशाने पातळी एक मीटर खाली आणली की खारं पाणी हळूहळू चाळीस मीटर वर सरकू पाहतं.

पण क्लोराइड शोषखड्ड्यातूनही येतं, कारण मीठ आपण खातो. वेगळं ओळखायला नायट्रेट, अमोनिया आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) सोबत तपासून घ्या. क्लोराइड चढलेलं, मॅग्नेशियमही चढलेलं आणि नायट्रेट नगण्य, तर बोट समुद्राकडे किंवा खाडीकडे. क्लोराइडबरोबर नायट्रेट ४५ च्या आसपास किंवा वर (मानकात तिथे सवलत नाही) आणि जंतूही, तर आधी शोषखड्डा आणि गोठा बघा. फक्त नायट्रेट पाहून थांबू नका. हवा न मिळालेल्या सांडपाण्यात नत्र अमोनियाच्या रूपातच राहतं.

एका नमुन्यावर हा निकाल लागत नाही. भरतीला एक, ओहोटीला एक घ्या, शक्यतो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) फरक पुसट दिसतो. बाटलीवर घड्याळाची वेळ हवीच. आणि तिसरा नमुना समुद्रापासून दूरच्या, वरच्या आवाठातल्या (वस्तीतल्या) विहिरीचा. तो नसेल तर तुमचा आकडा जास्त आहे की गावाचाच तेवढा आहे, हे कोण सांगणार?

९. वर्षातून एकदाच तपासायचं तर कुठल्या महिन्यात?

खारेपणाला मे. पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं. जंतूंना पहिल्या मोठ्या पावसानंतरचा आठवडा, कारण वर्षभराची घाण तेव्हा जांभ्याच्या भोकांतून विहिरीत उतरते. धातू आणि रसायनांना मी मे आणि ऑक्टोबर दोन्ही सांगतो. भर पावसातला एकच नमुना फसवतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात जुलैची विहीर म्हणजे बरचसं पावसाचंच पाणी.

१०. माती किती खोलीवरची घ्यायची? मृद आरोग्य पत्रिकेसाठी दिलेला नमुना चालणार नाही का?

नाही. तो नमुना खताचा सल्ला देण्यासाठी असतो. शेतभर फिरून, माती एकत्र करून, चार भाग पाडून अर्धा किलो घेतलेली. प्रदूषणात एकत्र करणं हीच चूक ठरू शकते. समजा पाच जागांपैकी एका जागी शिसं किलोला ५०० मिलिग्रॅम आहे, बाकी चार जागी २०. मिसळलंत की ११६. दूषित जागा हरवली आणि स्वच्छ जागा बदनाम झाली. संशयाची जागा माहीत असेल तर तिथला नमुना वेगळाच ठेवा.

खोली घाण कशी आली त्यावर ठरते. राख, धूळ, फवारणी वरून येते, म्हणून वरचे १५ सेंटिमीटर. पोफळीच्या बागेत वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण मारलं जातं, त्यातल्या मोरचुदाचं तांबंही बहुतेक वरच्याच थरात बसून राहतं. गळती, पुरलेला कचरा, शोषखड्डा यांच्यासाठी थराथराने खाली जावं लागतं आणि प्रत्येक थर वेगळ्या पिशवीत. प्रत्येक थरानंतर हत्यार पुसा. वरची माती खाली सांडली तर खोलीचा अर्थ उरत नाही.

हत्यार स्टीलचं, गंज आणि रंग नसलेलं. जमीन दुसऱ्याची असेल तर लेखी परवानगी घ्या. आंब्याच्या कलमांना कल्टार (मोहोरासाठी घालतात ते वाढरोधक, पॅक्लोब्युट्राझोल) घातला असेल तर ते प्रयोगशाळेला सांगा, नेहमीच्या कीटकनाशकांच्या यादीत तो असेलच असं नाही.

११. गॅरेजमागच्या मातीला डिझेलचा वास येतो. ती कशी घ्यायची?

उडून जाणारी द्रव्यं पिशवीत, चाळणीत, उन्हात टिकत नाहीत. ताज्या खणलेल्या भिंतीतून थेट काचेच्या बरणीत दाबून भरा, वर हवा ठेवू नका, लगेच बर्फात. मिसळणं, खडे निवडणं, वाळवणं काही नाही. पाण्याचा नमुना असेल तर ४० मिलिलिटरची काचेची कुपी, काठावर फुगवटा येईपर्यंत भरून झाकण लावा आणि उलटी करून बघा. बुडबुडा दिसला तर टाकून नवी भरा. पंपाचं डिझेल इंजिन वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, आणि वास घेऊन खात्री करायची सवय सोडा.

१२. आमच्याकडे कातळ आहे. ऑगर (माती काढायचा गिरमिट) आत जातच नाही.

जाणारही नाही. सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी वीतभरही नसतो. पहारीने फोडलेला जांभा म्हणजे मातीचा नमुना नव्हे. भेगांत, खळग्यांत साचलेली माती गोळा करा आणि तसं नोंदवा. जांभा सच्छिद्र असतो, वर सांडलेलं त्यातून झपाट्याने खाली जातं आणि उताराला झऱ्यातून बाहेर पडतं. म्हणून कातळावर मी मातीवर खर्च कमी आणि खालच्या झऱ्यांच्या, विहिरींच्या पाण्यावर जास्त करायला सांगतो.

आणखी एक. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तर असतंच, क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियमही निसर्गतः जास्त असू शकतं. परदेशी तक्त्यातल्या आकड्याशी ताडून "माती विषारी" म्हणण्याआधी त्याच सड्यावरचा, कुणाचा हात न लागलेला एक नमुना तपासा.

१३. खार जमिनीची माती वेगळी घ्यायची का?

हो, आणि ओलीच द्या, खोलीनुसार. बांध फुटून भरतीचं पाणी शिरलं होतं का, कधी, ते लिहा. वाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. हे प्रदूषण नाही, समुद्र आहे. पिकाचा सल्ला हवा असेल तर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राकडे जा.

१४. पुराचं पाणी विहिरीत गेलं होतं. आता काय तपासू?

२०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाडला हे घरोघरी झालं. आधी गाळ. तो उचलून फेकण्याआधी वेगवेगळ्या जागचे दोन-तीन नमुने भरून ठेवा, कारण पुरात काय वाहून आलं याचा पुरावा तोच आणि तोच पहिल्यांदा साफ होतो. पाण्यावर तवंग असेल तर उपसा करण्याआधी तेल तपासायला एक बाटली भरा. मग विहीर उपसा, टीसीएल टाका, आणि जंतूंचा नमुना प्रश्न ६ प्रमाणे.

१५. माझा अहवाल कारखान्याविरुद्ध पुरावा म्हणून चालेल का?

थेट चालेल असं धरू नका. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी घेतो. नोटीस देऊन, मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर दोन भाग करून, सीलबंद करून, सह्यांनिशी. ही रीत पाळली नाही तर मंडळाचाही अहवाल न्यायालयात टिकत नाही, तुमच्या बाटलीचं काय!

तरी तुमचा नमुना वाया नाही. मंडळाने येऊन नमुना घ्यावा या अर्जाला तो जोडता येतो. त्यासाठी नोंद पक्की हवी: जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, फोटो, दोन साक्षीदार, आणि बाटली कुणाकडून कुणाकडे कधी गेली त्याचा कागद. औद्योगिक वसाहतीजवळ राहत असाल तर प्रवाहाच्या वरचा नमुना विसरू नका. फक्त खालचा घेतला तर "हे वरूनच आलं" एवढ्या एका वाक्यात तक्रार संपते.

१६. अहवालात शिशापुढे 'बीडीएल' आहे. म्हणजे शिसं नाही ना?

बीडीएल म्हणजे 'बिलो डिटेक्शन लिमिट', म्हणजे त्यांच्या यंत्राला दिसलं नाही. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. यंत्र ०.०५ च्या खालचं पाहू शकत नसेल, तर ०.०४ असलेलं पाणीही बीडीएलच येईल. चाचणी देण्याआधी विचारा की किती खालपर्यंत मोजता. अहवालात तो आकडा छापलेला नसेल तर मागून घ्या.

१७. खर्च झेपत नाही. काय गाळू?

चाचण्या गाळा. संशय शोषखड्ड्याचा असेल तर धातू कशाला? पण वरच्या आवाठातल्या विहिरीचा नमुना गाळू नका, आणि जमलं तर एक कोरी बाटली द्या: प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी, विहिरीवर नेऊन उघडलेलं, बाकीच्यांसारखंच भरलेलं आणि त्याच पेटीतून परत आणलेलं. त्या जस्ताच्या पोहऱ्याच्या दिवशी मी कोरं पाणी त्याच पोहऱ्यात ओतून एक बाटली भरली असती, तर आजींची तुळस सुकली नसती.